एका रचनापत्रावरून अनेक हुकूम

पटावरील एखाद्याचा पत्ता बदलला म्हणजे लेखनिक नेमकी तीच ओळ शोधून दुरुस्त करितो. संगणकासही असाच हुकूम द्यावा लागतो: ‘ज्याचा पटक्रमांक ४२, त्याचा पत्ता बदल.’

माहिती अशा तक्त्यांत मांडण्याची कल्पना एडगर कॉड यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केली. पुढें तक्ते वाढले, व प्रत्येकाचे हुकूम हातानें लिहितां लिहितां चुका होऊं लागल्या. म्हणून २००१ सालीं गॅव्हिन किंग यांनीं आरंभिलेल्या हायबरनेटसारख्या साधनांनीं निराळा मार्ग धरिला. तक्त्याचें वर्णन ‘कॉन्फिगरेशन फाइल’ म्हणजे रचनापत्रांत एकदांच लिहावें. त्यावरून दुरुस्तीचे हुकूम यंत्रानें रचावे. रकान्याचें नांव बदललें, तर रचनापत्र तेवढें सुधारावें.

परंतु ओळखीची खूण म्हणून पटक्रमांकाऐवजीं तेथें इयत्ता लिहिली गेली, तर? एका मुलाचा पत्ता बदलतांना साऱ्या इयत्तेचा पत्ता बदलणारा हुकूम निघेल! हातची चूक एका ठिकाणीं राहते. रचनापत्रांतील चूक त्यावरून निघणाऱ्या प्रत्येक हुकुमांत उतरते. यास्तव यंत्रानें रचिलेला हुकूम आपण प्रथम दोनचार ओळींच्या नमुना-तक्त्यावर चालवून पाहावा, असें आम्ही सुचवितों. यंत्र श्रम वांचवितें. जबाबदारी मात्र आपलीच राहते.