कच्चे मडके
चौसाळ्याच्या आग्नेयेस तेर. तेथे गोरोबाकाकांनी थापटण्याने नामदेवरायांना कच्चे मडके ठरविले, ही कथा आपणांस ठाऊक आहेच. नामदेवराय रुसले, पण पुढे विसोबा खेचरांना शरण गेले. असा रुसवा कोणासही येतो; तो आजार नव्हे. परंतु सदैव स्तुतीच हवी, दुसऱ्याचे दुःख कळूच नये, जरा बोल लागता आगपाखड व्हावी, असे तरुणपणापासून घरीदारी चालले, तर तज्ज्ञ त्यास आत्मप्रौढीचा व्यक्तित्वविकार म्हणतात. वरून फुगलेला हा माणूस आतून फार हळवा असतो हो! टोमण्यांनी तो अधिकच बिथरतो. यावर नेमकी गोळी नाही. गोळ्या जोडीच्या खिन्नतेपुरत्या. खरा उपचार म्हणजे तज्ज्ञापाशी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे बोलणे. घरच्यांनी मात्र मारहाण सोसू नये. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर त्यांनाही मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो.