आखातात जाताना व्हिसावर कोणते काम लिहिले आहे?

भिवंडी, मालेगाव, मुंबईकडचे कारागीर आखातात जाणे ही आमच्या कापडाच्या धंद्यात नवी गोष्ट नाही. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि रत्नागिरी-रायगडच्या गावागावांतून माणसे निघाली. शिंपी, आरी-जरीचे कारागीर, कापड दुकानांतील सेल्समनही गेले. त्या पिढीला व्हिसा मिळाला की पुरे होते. कोणत्या कामाचा, हे कोणी विचारीत नसे. आज मात्र हाच सवाल पहिला विचारला पाहिजे, कारण पगार, बढती, बायका-मुलांना नेण्याची परवानगी, सारे काही त्या कागदावरील कामाच्या नावाशी जोडलेले आहे.

आमच्या ओळखीच्या एका कटिंग मास्टरची गोष्ट घ्या. हात इतका साफ की एका थानात दुसऱ्यापेक्षा एक कुर्ता जास्त काढील. एजंटाने त्याला ‘हेल्पर’च्या व्हिसावर पाठविले. “भाई, आधी जा तर, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ,” असे सांगितले. तिकडे त्याने काम मास्टरचे केले आणि पगार हेल्परचा घेतला. करारावर हेल्पर लिहिलेले असल्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. चार वर्षांनी दुसऱ्या दुकानात गेला तेव्हाही मागचा अनुभव कागदोपत्री हेल्परचाच! हुन्नर हातात असून कागदावर नसेल तर परदेशात त्याची किंमत निम्मी होते.

आता तर तेथील सरकारेच कारागिरांची वर्गवारी करू लागली आहेत. सौदी अरबने २०२५ च्या मध्यापासून परदेशी कामगारांच्या परवान्यांचे तीन वर्ग केले आहेत: उच्च कसबी, कसबी आणि साधे. शिक्षण, अनुभव, कामाचे कसब आणि पगार पाहून वर्ग ठरतो. त्याआधीच इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, एसी मेकॅनिक अशा कामांसाठी हिंदुस्थानातच परीक्षा घेऊन कसब तपासण्याची पद्धत सौदीने सुरू केली होती. अमिरातीत कुटुंबाला नेण्यासाठी २०१९ पासून हुद्द्यापेक्षा पगार पाहतात. ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची जागा. हेल्परच्या पगारात हा आकडा गाठणे कठीण.

दुकानात उभे राहून माल विकण्याचे काम मात्र आता भरवशाचे राहिलेले नाही, हे आमच्या व्यापारी घराण्यांतील मुलांनी समजून घ्यावे. सौदीने सप्टेंबर २०१८ पासून तयार कपड्यांच्या दुकानांत बहुतेक विक्रेते सौदी नागरिकच असावेत असा नियम लावला. ज्यांची सारी उमर गल्ल्यामागे गेली होती असे कितीतरी लोक परत आले. शिवणारा, कापणारा, एम्ब्रॉयडरीची मशीन चालविणारा आणि दुरुस्त करणारा यांची जागा अशी सहजासहजी भरून निघत नाही.

मग कागद कोठून आणावा? पहिला कागद दहावीचा. दहावी नापास माणसाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असते. अशा माणसाला आखातासह १८ देशांत नोकरीला जाताना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. ज्याची शाळा सुटली आहे त्याने १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसावे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी उर्दू आणि मराठी माध्यमातूनही देता येते. दहावी झाल्यावर पासपोर्ट नवा करून ‘ईसीआर’ काढून घेता येतो. पण लक्षात ठेवा, मंजुरीची गरज संपली म्हणजे करारावरील सरकारी नजरही संपली. तेथून पुढे करार तपासणे ज्याचे त्याच्याकडे.

दुसरा कागद कसबाचा. आयटीआयमध्ये शिवणकामाचा कोर्स आहे, इलेक्ट्रिशियन, वेल्डरचे आहेत. मुलाला दोन वर्षे कारखान्यात उमेदवारी करवून मग पाठविण्यापेक्षा आयटीआय करवून पाठविलेले आमच्या मते केव्हाही बरे. वयाने मोठ्या कारागिराला पुन्हा शाळेत बसणे शक्य नसते, त्याच्यासाठी आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे.

करारनामा हातात आला की बहुतेक जण एकूण पगार पाहतात आणि सही करतात. येथेच मार बसतो. समजा अमिरातीत दोघांना १,८०० दिरहम ठरले. एकाचा मूळ पगार १,६०० आणि भत्ते २००. दुसऱ्याचा मूळ ९०० आणि भत्ते ९००. पहिली पाच वर्षे दर वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी ग्रॅच्युइटी मिळते. म्हणजे पाच वर्षांनी पहिल्याच्या हाती ५,६०० दिरहम, दुसऱ्याच्या हाती ३,१५०. ओव्हरटाइमही मूळ पगारावरच धरतात. तेथील ऑफर लेटर अरबी-इंग्रजीबरोबर उर्दू किंवा हिंदीतही मिळते, ते मागून घ्यावे आणि घरी दोन जणांकडून वाचून घ्यावे.

नोकरी बदलणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. कतारने २०२० मध्ये मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली आणि मार्च २०२१ पासून किमान पगार १,००० रियाल केला. जेवण-राहणे मालकाने दिले नाही तर ८०० रियाल वेगळे. सौदीनेही मार्च २०२१ पासून ठरावीक अटींवर मालक बदलण्याची मुभा दिली, मात्र घरगुती नोकर व खाजगी ड्रायव्हर त्यात नाहीत. ही मुभा ज्याचे कागद सरळ आहेत त्यालाच. ‘आझाद व्हिसा’ म्हणून जो विकला जातो तो कायद्यात कोठेच नाही. कफील एक आणि काम दुसरीकडे, असा माणूस पकडला गेला तर रवानगीच होते. व्हिजिट व्हिसावर नोकरीला जाणेही तसेच.

एजंटाचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट यादीत पाहावा. कायद्याने तो ३०,००० रुपये आणि जीएसटी याहून जास्त घेऊ शकत नाही. जे देऊ त्याची पावती घ्यावी. अमिरातीचा कायदा तर भरतीचा खर्च कामगाराकडून घेऊच देत नाही. प्रवासी भारतीय विमा दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये व वर कर एवढाच आहे, अपघाती मृत्यूला १० लाखांचे संरक्षण. लाख-दीड लाख एजंटाला मोजणारे या पावणेतीनशेसाठी का घासाघीस करतात, हे आम्हाला आजवर समजलेले नाही.

आणि आता एक काम आम्हा व्यापाऱ्यांचे. कारागीर निघाला की काही शेठ लोक नाराज होऊन अनुभवाचे पत्र देत नाहीत. तो जाणारच आहे. पत्र नसेल तर हेल्पर म्हणून जाईल, एवढाच फरक. पत्र दुकानाच्या छापील कागदावर, जीएसटी नंबरासह असावे. पासपोर्टवर आहे तेच नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केले, कटिंग की शिलाई की एम्ब्रॉयडरी, कोणती मशीन चालविली, हाताखाली किती माणसे होती, एवढे लिहून खाली सही आणि शिक्का.