जास्तीचे आलेले पैसे परत कसे करावेत?

समजा, वस्तीवरच्या एखाद्या भावाने शेळ्या विकण्यासाठी मोबाईलवर फोटो टाकला. ९,००० रुपयांना सौदा ठरला. दुसऱ्या दिवशी घेणाऱ्याचा फोन येतो, "दादा, मुनीमाच्या चुकीने चेक १९,००० चा भरला गेला. स्लिपचा फोटो पाठवलाय बघा. वरचे १०,००० तेवढे फोनवरून लगेच पाठवा, घरचं माणूस दवाखान्यात आहे." फोटोत बँकेचा शिक्काही दिसतो. भाऊ पैसे पाठवतो. पुढे चेक न वटता परत येतो आणि फोन बंद लागतो.

लॉटरीचा भामटा आपल्या लोभावर जगतो. हा आपल्या प्रामाणिकपणावर जगतो. म्हणून मंडळीतली सरळ माणसे यात लवकर सापडतात.

उत्पत्तीच्या ४३ व्या अध्यायात हाच प्रश्न आहे. धान्याचे पैसे याकोबाच्या मुलांच्या गोण्यांत परत आले. नजरचूक झाली असेल, ते परत न्या, असे बापाने सांगितले. त्यांनी ते मिसरात नेले आणि योसेफाच्या घराच्या दाराशी त्याच्या कारभाऱ्याला सर्व सांगितले. वाटेत कोणी मागितले म्हणून दिले नाहीत. आपल्या बाबतीत तो कारभारी म्हणजे बँकेची शाखा.

चेकच्या स्लिपवरचा शिक्का एवढेच सांगतो की कागद बँकेकडे पोहोचला. खात्यातली एकूण शिल्लक आणि काढता येणारी शिल्लक यांतही फरक असतो, शाखेत जाऊन "चेक वटला का?" असे स्पष्ट विचारावे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत वटवले जातात. पूर्वीसारखी दोन-दोन दिवस वाट पाहावी लागत नाही. तेवढेही थांबायला जो तयार नाही, त्याचा संशय घ्यावा.

पैसे खरोखर जमा झाले असतील तर? तेव्हाही आपण होऊन दुसऱ्या खात्यात पाठवू नयेत. ते दुसऱ्या कोणाला फसवून आणलेले असू शकतात, आणि तपासात आपलेच खाते गोठवले जाते. मग मजुरीही अडकते आणि लाडक्या बहिणीचे १,५०० रुपयेही. शाखेत लेखी अर्ज द्यावा. ज्या खात्यातून रक्कम आली त्याच खात्यात बँक ती परत पाठवील. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगा.

संस्था चालवणाऱ्यांना हाच डाव मोठ्या आकड्यात दिसतो. परदेशातला अनोळखी दाता ठरल्यापेक्षा मोठा चेक पाठवतो आणि उरलेली रक्कम "दुसऱ्या सेवकाला" द्यायला सांगतो. परदेशी देणगी घ्यायची तर कायद्याने नोंदणी लागते, आणि ती दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतील ठरलेल्या खात्यातच यावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेला वा माणसाला पुढे देताही येत नाही. एवढे सांगितले की असा दाता बहुधा पुन्हा लिहीत नाही.

पैसे गेलेच असतील तर लाजेने घरात बसू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा, व्यवहाराचा क्रमांक सांगा, मग बँकेत आणि पोलीस ठाण्यात जा. पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.