खडकांच्या घड्या

गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीजवळ, दाट अरण्यात, सुरजागडचे डोंगर आहेत. तेथील लोहखनिज प्रसिद्ध आहे. तेथील खडक पट्ट्यापट्ट्यांचा असतो. एक पट्टा लोहाचा, काळसर तांबडा; त्याला लागून दुसरा गारगोटीच्या जातीचा, फिकट. हे पट्टे २०० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी सागराच्या तळाशी आडवे साचले. पण आज ते अनेक ठिकाणी लुगड्याच्या निऱ्यांप्रमाणे वळलेले दिसतात. एवढा कठीण दगड वळला कसा?

भूकवचाचे भाग एकमेकांकडे सरकू लागले की मधल्या थरांवर दोन्ही बाजूंनी दाब पडतो. दाब एकच असला तरी प्रत्येक थर आपापल्या स्वभावाप्रमाणे वागतो. कोऱ्या कागदांची एक चळत घ्या आणि तिच्या समोरासमोरच्या कडा दोन्ही हातांनी दाबा. ती सहज कमानीसारखी वाकेल, कारण कागद एकमेकांवरून घसरतात. तेच कागद खळीने चिकटवून वाळवा; आता ती चळत फळीसारखी ताठ होईल.

खडकांचेही असेच आहे. पातळ व एकमेकांवरून घसरणाऱ्या थरांना लहान लहान घड्या पडतात. थर जाड असला, तर घडीही मोठी पडते. ठिसूळ थराला मात्र दाब असह्य झाला की तो दुभंगतो आणि त्याचा एक भाग दुसऱ्यावर चढतो. घडीला 'वली' म्हणतात. थर दुभंगून सरकला, तर त्यास 'प्रस्तरभंग' म्हणतात. हिमालयात या दोन्ही गोष्टी आढळतात.

खोलीलाही महत्त्व आहे. थंड लोखंड लोहाराला वाकवता येत नाही, पण भट्टीत तापवले की तेच वळते. तसाच भूपृष्ठाजवळचा थंड खडक तुटतो. खोलवर, उष्णतेत आणि लाखो वर्षांच्या मंद दाबाखाली तो न तुटता वळतो. सुरजागडचे पातळ पट्टे असेच वळले.

प्रत्येक भंग दाबानेच होतो असे मात्र नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील कोळशाचे थर अनेक जागी तुटले आहेत, ते जमीन ताणली जाऊन तिचे भाग खाली खचल्यामुळे. अशा जागी खाणीतील कोळसा एकाएकी संपतो आणि दुसराच खडक भिंतीसारखा पुढे येतो. तेथील फटींतून पाणी शिरण्याचे व छत कोसळण्याचे भय असते. म्हणून भंग कोठे आहे आणि थर किती सरकला आहे, हे आधीच ओळखावे लागते. त्यावर खाणीत उतरणाऱ्या माणसांचे प्राण अवलंबून असतात.

स्वाध्याय
१. कागदांची चळत सहज का वाकते?
२. एकच खडक कोठे तुटतो व कोठे वळतो? कारण सांगा.
३. गावाजवळच्या नाल्याच्या काठावरील थर आडवे आहेत की कललेले, ते पाहून त्यांचे चित्र काढा.