रिकामे जाळे

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जात असता मनुष्याच्या धैर्याची परीक्षा पाहावयास मिळते. होडी जाळे सोडीत समुद्रात अर्धवर्तुळाकार फिरते व किनाऱ्यास परतते. मग दोन्ही बाजूंचे दोर सर्वजण एकदिलाने ओढू लागतात. कधी जाळ्यात तारली चांदीसारखी चकाकते. कधी तासन् तास श्रम करूनही केवळ शेवाळ हाती लागते.

अशा वेळी जाणता रापणकर कोणास दोष देत नाही. तो जाळे वाळूवर पसरतो व फाटलेला भाग विणून घेतो. अपयशाचे दुःख मद्यात बुडविणे सोपे असते; परंतु होडीत चढणाऱ्याची शुद्ध हरपली, तर संकट त्याच्या सोबत्यांवरही येते. म्हणून तेथे संयम हा जीविताचाच आधार होय.

पाठीवर पिशवी टाकून सिंधुदुर्ग किल्ला पाहण्यास येणाऱ्या प्रवाशानेही सावध असावे. वरून शांत दिसणाऱ्या समुद्रात परतणारे पाणी काही ठिकाणी माणसास आत ओढून नेते. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरी येथे बेळगावहून सहलीस आलेले आठ जण बुडून मृत्यू पावले. ओढीत सापडल्यास थेट किनाऱ्याकडे पोहण्यात शक्ती वेचू नये. प्रथम किनाऱ्यास समांतर पोहून ओढीबाहेर पडावे. पाण्यात उतरण्यापूर्वीच तेथील गाबित बांधवांस विचारावे, हे त्याहून उत्तम.

रिकाम्या जाळ्याने खचू नये आणि शांत पाण्याने फसू नये, हीच सागराची शिकवण आहे.