नडगी दुखते म्हणालास म्हणून

चि. बापूस,


काल तुझ्या आईचा फोन आला. पोरगा सकाळी खाटेवरून उतरताना भिंतीला हात लावतो, विचारलं तर काही नाही म्हणतो, असं सांगत होती. खोदून विचारल्यावर नडगी दुखते म्हणालास आणि कळलं की तीन आठवड्यांपासून तू बूट सोडलेस आणि रोज पांदणीनं पाच किलोमीटर अनवाणी पळतोस. अनवाणी पळण्याला माझा विरोध नाही. एवढ्या घाईला आहे.

तू म्हणशील, लहानपणी वावरात अनवाणीच हिंडलो. खरंय. पण गेली पाच-सहा वर्षं कॉलेजात तुझ्या पायात बूटच होते. पळायच्या बुटाची टाच बोटभर उंच असते. ती उंची गेली की टाच खाली उतरते आणि प्रत्येक पावलाला पोटरी व टाचेमागची जाड शीर जास्त ताणली जाते. अनवाणी माणूस टाच आपटायची टाळून चवड्यावर उतरतो. टाचेचा दणका वाचतो, पण तो भार पोटरीवर आणि पावलाच्या बारीक हाडांवर जातो. दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो, स्नायूंना त्याहून वेळ लागतो आणि हाडाला महिने लागतात. नव्या भाराखाली हाड आधी थोडं झिजतं, मग भरून निघतं. नेमक्या त्या कच्च्या दिवसांत तुझा दम तुला आणखी पळ म्हणतो.

अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २०१३ साली याचा अभ्यास झाला. नेहमी बूट घालून पळणाऱ्या १९ जणांना दहा आठवड्यांत अनवाणी पायासारख्या पातळ बुटांची सवय करायला लावली. त्यांतल्या १० जणांच्या पावलाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. तीही हळूहळू वाढवत नेलेली माणसं होती, तू तर पहिल्या दिवसापासून पाच किलोमीटर धरलेस.

आता दुखणं ओळखायला शीक. दुसऱ्या दिवशी दोन्ही पोटऱ्या जड होऊन जिना उतरताना ओढल्यासारखं वाटलं, तर ती मेहनतीची ओढ. दोन दिवसांत जाते. नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर, वीतभर पट्टा दुखत असेल आणि पळताना अंग तापल्यावर कमी होत असेल, तर पळणं निम्म्यावर आण. पण हाडावर बोट दाबल्यावर एकाच जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या ठिकाणी, कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा त्या एका पायावर उडी मारताच कळ डोक्यात जात असेल, तर त्या दिवसापासून पळणं बंद. पावलाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या मागे अशी जागा सापडली तरी तेच.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. वीस वर्षांचा असताना भरतीच्या तयारीत मी राजूर घाटात अनवाणी उतार पळायचो. डाव्या नडगीत अशीच नाण्याएवढी जागा दुखू लागली. कोणाला सांगितलं नाही. आजीला लंगडणं दिसलं तेव्हा तिनं मायेनं बिब्बा लावला, कातडी भाजली आणि आतलं दुखणं तसंच राहिलं. पट्टी गुंडाळून आणखी दोन आठवडे पळालो. एके सकाळी घाटाच्या वळणावर पाय टेकवेना. हाडाला चीर गेली होती. सहा आठवडे प्लास्टर, आणि त्या वर्षीची भरती हुकली. दुखऱ्या हाडावर बिब्बा नको, जोरात मालीश नको, आणि गोळी घेऊन पळणं तर मुळीच नको. कळ ही हाडाची हाक असते, ती गोळीनं दाबू नकोस.

लता भगवान करे यांचं उदाहरण तू देतोस. आपल्याच जिल्ह्यातून बारामतीकडे गेलेल्या, नवऱ्याच्या उपचारासाठी लुगडं नेसून अनवाणी शर्यत जिंकणाऱ्या त्या बाईंचा मलाही अभिमान आहे. त्यांच्यावरच्या चित्रपटात त्यांनीच काम केलं आणि त्यासाठी ६७ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. पण त्यांच्या पायांमागे आयुष्यभराची शेतमजुरी होती. तीन आठवड्यांत ती कशी येईल? आणि बूट घालण्यात कमीपणाही नाही. धावपटू अबेबे बिकिला १९६० साली रोम ऑलिंपिकला अनवाणी मॅरेथॉन जिंकला आणि १९६४ साली टोकियोला बूट घालून, रोमपेक्षा कमी वेळात जिंकला.

दुखणं शमलं की असं कर. पळणं बुटातच ठेव आणि सकाळी अर्धा तास अनवाणी चाल. दोन आठवड्यांनी, बुटातलं पळणं संपल्यावर शेवटचे दोनशे मीटर अनवाणी, तेही एक दिवसाआड. दर आठवड्याला थोडंसंच वाढव. पाऊल आखूड टाक आणि लवकर उचल. चवड्यावर उतरलास तरी टाच हलकेच टेकू दे; टाच अधांतरी ठेवून पळणाऱ्यांच्या पोटऱ्या आधी जातात. संध्याकाळी ओट्याच्या पायरीवर चवडे ठेवून टाचा सावकाश खाली-वर कर. वखरलेल्या वावरात पळू नकोस, ढेकळांत आणि काळ्या मातीच्या भेगांत घोटा मुरगळतो. सपाट कडक मुरूम बरा, पाय आपटला की लगेच कळतं. बाभळीचे काटे आहेत, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन टाक.

दम जाईल ही भीती मला कळते. पोलीस भरतीत १६०० मीटरला २० गुण आहेत. दुखणं शमेपर्यंत सायकल मार, विहिरीत पोह; दम टिकतो आणि नडगीवर भार येत नाही.

आज रात्री जेवण झाल्यावर दोन्ही नडग्या बोटानं वरून खाली दाबून बघ आणि मला फोन कर. एकच जागा दुखली तर उद्या सकाळच्या एसटीनं बुलडाण्याला ये, आपण हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊ. ताजी चीर साध्या एक्स-रेत बरेचदा पहिले दोन-तीन आठवडे दिसत नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी माझ्याकडेच राहायचं. आईला मी सांगितलंय.

तुझा,
मामा