उसण भरण्याआधी

झरी जामणी तालुक्यात अवकाळी पावसाने पीक झोपले तर पंचनामा होतो, गावाची आणेवारी निघते, नुकसानीचा अहवाल तहसील कचेरीतून जिल्ह्याच्या ठिकाणी रवाना होतो. परंतु ज्या माणसांच्या कमरा पराटीच्या ओळीत वर्षानुवर्षे वाकून निकामी झाल्या त्यांच्या नुकसानीची नोंद घेण्याची तजवीज कोणत्याही दप्तरात आढळत नाही. माझी सारी नोकरी महसूल खात्यात तलाठी म्हणून झाली, आणि पाटण, मुकुटबन, माथार्जुन या भागातील शिवारे व कोलाम पोडे पायाखाली घालताना, पन्नाशीही न गाठलेल्या कितीतरी स्त्रिया गुडघ्यावर हात टेकल्यावाचून उठू शकत नाहीत, हे मी पाहत आलो. पुढे तेच दुखणे माझ्या वाट्याला आले, आणि त्यातून जे शिकावयास मिळाले ते इतरांच्या उपयोगी पडावे एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

घरच्या शेतातील कापसाचे गाठोडे बंडीत टाकताना, पाय जागचे न हलवता केवळ कमरेतून वळल्यामुळे, माझ्या पाठीत चमक निघाली आणि ती मांडीच्या मागील बाजूने थेट टाचेपर्यंत उतरली. उसण भरली म्हणजे ती काढून घ्यावयाची हा आपल्याकडील सार्वत्रिक रिवाज. त्यानुसार पंचक्रोशीत हातगुणाबद्दल नाव असलेल्या एका गृहस्थाने मला पालथे निजवून, पाठीवर पाय देऊन, दुखऱ्या पायाला हिसका दिला, आणि दुसऱ्या दिवशी त्या पायाची बोटे बधिर झाली. त्यानंतर ज्या दवाखान्यात नेले तेथे फळीवर निजून राहण्याची सक्त ताकीद मिळाली. वेदना थोडी शमली खरी. परंतु दीर्घकाळ पडून राहिल्याने मांड्या बारीक झाल्या, पाठीचे स्नायू शिथिल पडले, आणि अंगणापर्यंत जाण्याचेही भय वाटू लागले. दुखण्यापेक्षा हे भय अधिक घातक, असे आज मला निश्चयाने वाटते, कारण भ्यालेला मनुष्य हालचाल टाळतो आणि हालचाल टाळलेले शरीर लहानशा ओझ्यालाही असमर्थ होत जाते.

पूर्वी डॉक्टरमंडळीही सक्तीची विश्रांती हाच कंबरदुखीवरील राजमार्ग मानीत असत. 1995 साली फिनलंडमधील हेलसिंकी नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात अचानक कंबर धरलेल्या लोकांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणावर ठेवले होते, काहींना ठराविक व्यायाम दिले होते, आणि उरलेल्यांना वेदना सोसेल त्या मर्यादेत आपले नित्याचे व्यवहार चालू ठेवण्यास सांगितले होते; या तिसऱ्या वर्गातील लोक सर्वांत लवकर बरे झाले. ही माहिती मला जिल्ह्याच्या ठिकाणी भौतिकोपचार करणाऱ्या एका तरुण बाईंनी दिली. त्यांनी माझ्या पाठीला हात लावण्यापूर्वी बराच वेळ केवळ प्रश्न विचारले: कसे उठता, कसे बसता, मोटारसायकल किती चालवता, सकाळी अधिक दुखते की सायंकाळी. औषधापूर्वी कामाची चौकशी करणारी वैद्यकी मी प्रथमच पाहत होतो.

न्यूझीलंडमधील रॉबिन मॅकेंझी या भौतिकोपचारतज्ज्ञाचा 1956 सालचा एक प्रसंग त्यांनी सांगितला. ज्याच्या पायात कळ उतरत होती असा एक रुग्ण, डोक्याकडील भाग उंचावून ठेवलेल्या तपासणीच्या मेजावर चुकून पालथा निजला आणि काही वेळाने पायातील कळ नाहीशी झाल्याचे सांगू लागला. या योगायोगातून मॅकेंझी यांनी पुढे जी पद्धत विकसित केली तिचे एक सूत्र सामान्य माणसानेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. एखाद्या हालचालीने पायातील वेदना वर सरकून कमरेत गोळा होत असेल, तर ती हालचाल बहुधा हितकारक असते. तीच वेदना पोटरीकडे व टाचेकडे उतरू लागली तर ती हालचाल तत्काळ थांबवावी. मला पालथे निजून कोपरांवर छाती उचलणे मानवले. परंतु कण्यातील नलिका अरुंद झालेल्या वृद्धांना याच्या उलट, पुढे वाकल्याने आराम पडतो. म्हणून शेजाऱ्याचा व्यायाम पाहून तो जसाच्या तसा उचलू नये. चालणे मात्र बहुतेकांना मानवते. प्रथम अंगणाच्या फाटकापर्यंत, मग गावाच्या वेशीपर्यंत, अशी हद्द सावकाश वाढवीत नेली म्हणजे स्नायूंना बळ येते आणि मनातील धास्तीही ओसरते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. उसण एका क्षणात भरल्यासारखी वाटते; वस्तुतः तिची तयारी पुष्कळ आधीपासून चाललेली असते. स्वीडनमधील आल्फ नाकेमसन यांनी जिवंत माणसांच्या कण्यातील चकतीत सुई घालून तिच्यावरील दाब मोजला होता. सरळ उभे असतानाचा दाब 100 मानला, तर पाठीवर निजल्यावर तो 25 पर्यंत उतरतो, उभ्याने पुढे वाकताच 150 होतो, आणि वाकून वजन हाती घेतले की 200 च्या पलीकडे जातो. निंदणाला बसलेली, किंबहुना वाकलेली, बाई दिवसभर या वाढीव दाबाखाली असते. वेचणीच्या हंगामात तर पोटाशी बांधलेली ओटी जसजशी भरत जाते तसतशी ती कमरेला पुढे ओढू लागते, आणि त्या ओढीला तोंड देण्यासाठी पाठीचे स्नायू अखंड ताणलेले राहतात.

ओटी वारंवार रिकामी करा, असे मी एका वेचणाऱ्या बाईला सुचविले तेव्हा ती म्हणाली, “काकाजी, घडीघडी धुऱ्यावर जाऊन ओटी रिकामी कराले गेलो तं तेवढ्यात दोन किलो कापूस हातचा जाते.” मजुरी किलोवर मिळत असल्याने तिचे म्हणणे सर्वस्वी रास्त होते, आणि त्यावरूनच मला उमगले की दुखणे टाळण्याची जबाबदारी केवळ मजुराच्या अंगावर टाकून भागणार नाही. कापूस टाकावयाची चवाळी धुऱ्यावर न ठेवता शेताच्या मध्ये ठिकठिकाणी पसरली, तर ओटी अर्धी भरताच रिकामी करता येते आणि हेलपाटाही वाचतो; ही व्यवस्था शेतमालकाने करावयाची आहे, तिला खर्च जवळपास नाही, आणि माझ्या शेतात तिच्यामुळे वेचणी यत्किंचितही मंदावली नाही. निंदणाच्या बाबतीत, जेथे पिकाची अवस्था अनुकूल असेल तेथे लांब दांड्याचे अवजार द्यावे. खुरपेच वापरावयाचे तर मधून मधून उभे राहून, दोन्ही हात कमरेवर ठेवून, मागे झुकण्याची मुभा असावी आणि तिला कोणी कामचुकारपणा म्हणू नये.

फवारणीच्या पंपाचा विचार तर अवश्य केला पाहिजे. सोळा लिटरचा पंप भरला म्हणजे पाण्याचेच वजन सोळा किलो होते, पंपाचे वेगळे. एवढे ओझे जमिनीवरून हिसक्याने उचलून खांद्यावर घेण्याऐवजी बंडीवर किंवा दगडाच्या ओट्यावर ठेवून, पाठ लावून, दोन्ही पट्टे सारखे आवळून घ्यावे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हापासून हातमोजे व मुखपट्टी यांचा पुष्कळ बोलबाला झाला आणि तो आवश्यकच होता; पाठीवरील भाराकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही.

ओझे उचलण्यासंबंधीचे नियम थोडे आहेत. ओझे अंगाजवळ घ्यावे, गुडघे वाकवावेत, वळावयाचे असेल तर कमरेतून न वळता पावले फिरवावीत, आणि जड पोत्याला दुसऱ्याचा हात मागण्यात संकोच धरू नये. पहाटे उठल्याबरोबर वाकून जड काम करू नये, कारण रात्रभर पाणी शोषून चकत्या फुगलेल्या असतात आणि त्या वेळी त्यांना इजा होण्याचा संभव अधिक. गोठ्यातील शेणाची टोपली थोडे चालून-फिरून झाल्यावर उचलावी. परंतु काही ओझी अशी असतात की ती कशीही उचलली तरी अपायकारकच. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो सांगितली असून स्त्रियांसाठी ती बरीच कमी असावी असे म्हटले आहे. आपल्याकडे 1969 साली माथाडी कायदा झाला, आणि पुण्याच्या हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांनी 100 किलोचे पोते 50 किलोवर यावे म्हणून झुंज दिली. युरियाची गोणी आज 45 किलोची मिळते. असे असता आपल्याच घरी तुरीचे पोते तोंडापर्यंत दाबून भरण्याचा आग्रह का धरावा, हे मला समजत नाही.

आपल्याच शेजारच्या वरोऱ्यास आनंदवन उभारणारे बाबा आमटे यांना कण्याच्या व्याधीमुळे बसणे अशक्य झाले होते. तरीही 1985 साली निघालेल्या कन्याकुमारी ते काश्मीर या भारत जोडो यात्रेत ते बसगाडीतील बिछान्यावर पडून सहभागी झाले. कंबर गेली म्हणजे माणूस संपला, असे आपल्या लोकांत जे बोलले जाते त्याला हे उत्तर पुरेसे आहे.

तथापि प्रत्येक पाठदुखी कामामुळेच असते असे मानणे या तालुक्यात तरी धोक्याचे आहे. पांढरकवडा व झरी जामणीच्या टापूतील भूजलात कित्येक ठिकाणी फ्लोराईड मर्यादेपेक्षा अधिक आढळते; लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत ते चालते, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत, त्यापुढे ते हाडांत साचून मान, पाठ व गुडघे ताठरवते. घरातील मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसू लागले आणि मोठ्यांची पाठ लाकडासारखी आखडली, तर मालीश व पट्टे यांवर पैसा न दवडता हातपंपाचे पाणी तपासून घ्यावे, आणि तोपर्यंत पिण्यास तपासलेले दुसरे पाणी वापरावे. त्याचप्रमाणे विदर्भातील आदिवासी व इतरही अनेक समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आहे. थंडीत, श्रमानंतर किंवा पाणी कमी पडल्यावर एखाद्या तरुणाची हाडे असह्य दुखू लागली, तर ती उसण समजून रगडण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी करून घ्यावी.

राहता राहिली ती तातडीची लक्षणे. पाऊल उचलता न येणे, ताप किंवा वजनात घट यांसह पाठ दुखणे, झाडावरून वा बंडीवरून पडल्यानंतर कणा दुखणे, यांपैकी काहीही असले तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये. आणि कंबरदुखीसोबत लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरील ताबा सुटला, अथवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून, जेथे कण्याची शस्त्रक्रिया होते अशाच रुग्णालयात पोहोचवण्याचा आग्रह धरावा, कारण अशा वेळी उशीर झाला तर गेलेला ताबा पुष्कळदा परत येत नाही.